पहिली चूक बाळाच्या पायावर नको

सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर कोणाच्या अंगावर शिकतात, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी उघडपणे विचारत नाही. उत्तर मात्र सगळ्यांना ठाऊक असते. ज्याच्या हाती पैसा आहे तो थेट मोठ्या सर्जनची वेळ घेतो. ज्याच्याकडे नाही तो पहाटेची एसटी पकडून येतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो आणि जो निवासी डॉक्टर वाट्याला येईल त्याच्यासमोर बाळाला धरतो. त्या डॉक्टरची ती कधी पन्नासावी केस असते, कधी पहिली. यात त्या डॉक्टरचा दोष नाही. वैद्यक हातानेच शिकावे लागते आणि हात कोणावर तरी बसवावा लागतो. पण पिढ्यानपिढ्या तो एकाच वर्गाच्या अंगावर बसवला जातो, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात काही बदलता येईल असे कोणाच्या मनातही येत नाही.

जन्मजात व्यंग घेऊन आलेल्या बाळाच्या बाबतीत हा अन्याय अधिक बोचतो, कारण तिथे वेळ फार थोडा असतो. वाकड्या पावलांवर पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले तर ती सहज वळतात. हृदयाचे काही दोष पहिल्या महिन्यातच जीव घेतात. जन्मजात मोतीबिंदू काढायला उशीर झाला तर डोळा बरा होऊनही मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नाही. अशा ठिकाणी एक चुकलेले निदान किंवा एक चुकीचे प्लास्टर त्या मुलाला आयुष्यभर पुरते.

व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभ्या केलेल्या त्रिमित जगात वावरण्याच्या तंत्राचा, वैद्यकातला वापर मी या एकाच कसोटीवर घासून बघतो. शिकणाऱ्याची पहिली चूक गरीब बाळाच्या अंगावरून उचलून दुसरीकडे नेता येते का? काही कामांपुरते त्याचे उत्तर निःसंशय ‘हो’ आहे. आणि तसे असेल तर हे तंत्र सर्वांत आधी जिथे या पहिल्या चुका होतात तिथे गेले पाहिजे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जिल्हा रुग्णालयात, गावोगाव बालकांची तपासणी करत फिरणाऱ्या पथकात. आज ते पहिल्यांदा पोचते ते पंचतारांकित रुग्णालयाच्या जाहिरातीत, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

प्रश्न किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जन्मजात व्यंगांमुळे जगात दरवर्षी सुमारे २ लाख ४० हजार बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावतात, आणि गंभीर व्यंग असलेल्या दहापैकी नऊ मुले गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जन्मतात. एकट्या भारतात हृदयाचा जन्मजात दोष असलेली दोन लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. वाकड्या पावलांचे प्रमाण हजारी एक धरले तरी आपल्या देशातील जन्मसंख्येला ते वर्षाला वीस हजारांवर जाते.

यासाठी यंत्रणा नाही असेही म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस प्रकारच्या आजार-व्यंगांसाठी तपासणी करायची, त्यांत नऊ जन्मजात व्यंगे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने जायचे. सापडलेले मूल जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. आराखडा चांगला आहे. पण या आयुष डॉक्टरांपैकी किती जणांनी नियुक्तीआधी नवजात बाळाचे निखळलेले खुबे स्वतःच्या हाताने तपासले असतील? बाळाची मांडी बाहेर फाकवताना सांध्यात होणारी ती हलकी ‘खट्’ अशी जाणीव एकदा हाताला कळली की विसरत नाही. ती कळेपर्यंत मात्र वाचलेले, ऐकलेले सगळे व्यर्थ.

वाकड्या पावलांचे उदाहरण मी जरा विस्ताराने घेणार आहे. तंत्रज्ञान कुठे कामाचे आणि कुठे नाही, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

इग्नासियो पोनसेटी हे स्पेनमधल्या मेनोर्का बेटावर जन्मलेले डॉक्टर. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची हाडे बसवली, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात आले. तिथे त्यांच्या लक्षात आले की वाकड्या पावलांवर मोठ्या शस्त्रक्रिया झालेली मुले मोठेपणी ताठर, दुखऱ्या पायांनी चालतात. त्यांनी शव-विच्छेदन करून बाळाच्या पावलातली हाडे एकमेकांवर कशी सरकतात ते पाहिले आणि दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडे वळवून प्लास्टर घालण्याची पद्धत बसवली. साधारण पाच-सहा प्लास्टरे, बहुतेक बाळांमध्ये टाचेमागचा स्नायुरज्जू (टेंडन) एका छोट्या छेदाने सोडवणे, त्यावर तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर, आणि मग दोन बुटांना जोडणाऱ्या पट्टीचा ब्रेस: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी. खर्च म्हणाल तर पीओपीच्या पट्ट्या, कापूस आणि बूट.

ही पद्धत १९६३मध्ये प्रसिद्ध झाली. आणि पुढची तीसेक वर्षे जगाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९९५मध्ये तीस वर्षांनंतरच्या पाहणीचा निकाल आला. त्यात ७८ टक्के रुग्णांचे पाय उत्तम किंवा चांगल्या स्थितीत होते; ज्यांना जन्मतः काहीच नव्हते अशा तुलनेच्या गटात हे प्रमाण ८५ टक्के होते. त्यानंतर, आणि इंटरनेटवर एकमेकांना शोधून काढणाऱ्या पालकांच्या रेट्यामुळे, सर्जन मंडळी आयोवाला शिकायला जाऊ लागली. एवढी वर्षे का गेली? पद्धतीला कुठलेही महागडे यंत्र लागत नव्हते. अडचण अशी होती की लेख वाचून ती हातात येत नव्हती. वाचून करून पाहणारे थोडे चुकीचे करत, निकाल वाईट येई आणि ते म्हणत, प्लास्टरने काही होत नाही, कापावेच लागते.

त्या ‘थोड्या चुकीत’ सगळे मर्म आहे. पोनसेटींच्या आधी अमेरिकेतच जोसेफ काइट हे डॉक्टरही प्लास्टरनेच उपचार करत. पण पाऊल बाहेर वळवताना ते अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरच्या कडेला, टाचेचे हाड पुढच्या हाडाला मिळते तिथे देत. तिथे दाब दिला की टाचेचे हाड अडकते आणि वरच्या टॅलस हाडाखालून ते फिरूच शकत नाही. अंगठा थोडा वर, टॅलसच्या बाहेर आलेल्या डोक्यावर ठेवला की तेच हाड मोकळे होते आणि पाऊल आपोआप सुटत जाते. बाळाच्या पायावर या दोन जागांमध्ये अंतर किती? सेंटिमीटरभरही नाही. एका जागी अंगठा ठेवला तर महिनोन्‌महिने प्लास्टर आणि शेवटी चाकू, दुसऱ्या जागी ठेवला तर दीड-दोन महिन्यांत सरळ पाऊल.

आता प्लास्टरच्या दिवशीची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. आईने रुग्णालयाच्या नळाखाली आधीचे प्लास्टर भिजवून सोडवले आहे, बाळ दमून रडते आहे, त्याच्या तोंडात दूध दिले की तेवढ्यापुरता पाय सैल पडतो, आणि त्या मिनिटा-दोन मिनिटांत एकाने पाय धरायचा, दुसऱ्याने कापूस आणि पीओपी गुंडाळायचे, गुडघा काटकोनात ठेवून मांडीपर्यंत न्यायचे, बोटांखाली आधार सोडायचा पण वरून बोटे मोकळी ठेवायची. बाहेर अजून वीस आया बसलेल्या. या घाईत शिकणाऱ्याला अंगठा कुठे आणि का, हे कोण दाखवणार? दाखवले तरी दिसणार काय? आत फिरणारे हाड कातडीखाली आहे आणि नवजात बाळाच्या पावलातली कित्येक हाडे अजून कूर्चेचीच असल्याने एक्स-रेमध्येही पुरती उमटत नाहीत.

नेमक्या या जागी व्हर्च्युअल रिॲलिटीला तोड नाही. हेडसेटच्या जगात पावलाची कातडी पारदर्शक करता येते. अंगठा चुकीच्या जागी ठेवला की टाचेचे हाड कसे अडते आणि योग्य जागी ठेवला की ते टॅलसखालून कसे फिरते, हे शिकणारा सर्व बाजूंनी, खालून, आतून बघू शकतो. पुन्हा चुकू शकतो. मुद्दाम चुकून त्या चुकीचे सहा आठवड्यांनंतरचे पाऊल कसे दिसेल हे पाहू शकतो. पुस्तकातल्या चित्रावरून हे शिकणे म्हणजे पाककृती वाचून पोळी लाटायला शिकणे. आणि पोनसेटींना जे शव-विच्छेदनाच्या टेबलावर दिसले, ते बाळाचे पाऊल आतून बघण्याची संधी आज बहुतेक निवासी डॉक्टरांना आयुष्यात एकदाही मिळत नाही.

मात्र हेडसेट एक गोष्ट देऊ शकत नाही. ओले प्लास्टर हाताखाली घट्ट होत जाताना पावलाला साचा किती द्यायचा आणि दाब कधी सोडायचा, बाळाची कातडी किती ताण सोसते, हे हाताला कळते आणि हातालाच शिकवावे लागते. त्यासाठी रबराचे पाऊल, खऱ्या पीओपीच्या पट्ट्या आणि शेजारी उभा राहून मनगट धरणारा गुरू लागतो. म्हणून मला हवा असलेला क्रम असा: हेडसेटमध्ये डोळ्याने समजून घ्या, रबराच्या पायावर हात बसवा, मग जाणकाराच्या नजरेखाली बाळाला हात लावा. यातली मधली किंवा शेवटची पायरी गाळून ‘आमच्याकडे व्हीआर आहे’ म्हणणारे रुग्णालय रुग्णाची फसवणूक करते.

हृदयाच्या दोषांमध्ये गणित वेगळे आहे. तिथे सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आतली रचना मनात उभी करणे. सरावाची गरज मात्र जुनीच. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी पंधरा महिन्यांच्या निळ्या पडलेल्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांच्या मागे स्टुलावर व्हिव्हियन थॉमस उभे राहून टाका कुठून घ्यायचा ते सांगत होते. थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून ते काम करत. पण फुप्फुसांकडे अधिक रक्त नेणारी रक्तवाहिन्यांची ती जोडणी प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर पुनःपुन्हा करून त्यांनीच बसवली होती. कल्पना होती हेलन टॉसिग यांची. त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्या बोटांच्या टोकांनी बाळाचे हृदय ‘ऐकत’. बालहृदय शस्त्रक्रियेच्या या आरंभीच दिसते की ज्याचा हात आधी दुसरीकडे चुकून तयार झाला होता, त्याच्या सांगण्याबरहुकूम टेबलावर शस्त्रक्रिया झाली.

आजची अवघड केस घ्या. काही बाळांमध्ये शरीरभर रक्त नेणारी महाधमनी आणि फुप्फुसांकडे जाणारी धमनी, दोन्ही उजव्या खालच्या कप्प्यातूनच निघतात. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असते. सर्जनपुढे प्रश्न असतो: त्या छिद्रातून महाधमनीपर्यंत आतल्या आत बोगदा बांधून डाव्या कप्प्यातले रक्त तिकडे वळवता येईल का? येत असेल तर मुलाला दोन कप्प्यांचे जवळजवळ सामान्य हृदय मिळते. येत नसेल तर वेगळ्या, आयुष्यभर मर्यादा घालणाऱ्या मार्गाने जावे लागते. बोगद्याच्या वाटेत झडपेचे दोर येतात का, वळण किती तीव्र आहे, हे सीटी स्कॅनच्या सपाट चित्रांवरून मनात जुळवायचे आणि निर्णय घ्यायचा. हृदय उघडल्यावर मात्र ते थांबलेले, रिकामे, आकसलेले असते आणि घड्याळ चालू असते. त्याच स्कॅनमधून त्रिमित हृदय उभे करून सर्जन त्याच्या आत शिरू शकला, छिद्रात उभा राहून महाधमनीकडे बघू शकला, तर हा निर्णय आदल्या दिवशी, शांतपणे, सहकाऱ्यांशी वाद घालून घेता येतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयाने २०१७मध्ये असे आभासी हृदय विद्यार्थ्यांना आणि पालकांना दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे कोचीच्या अमृता संस्थेतील बालहृदयतज्ज्ञांनी त्याच वर्षी, गुंतागुंतीच्या मोजक्या केसेसमध्ये स्कॅनवरून त्रिमित छपाई करून बनवलेली हृदये शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला कशी उपयोगी पडली, ते प्रसिद्ध केले. संसाधने तोकडी असलेल्या ठिकाणी हे करता येते का, हाच त्यांचा प्रश्न होता.

जगभर गाजले ते उदाहरण ब्राझीलचे. डोके एकमेकांना जुळलेल्या, चार वर्षांच्या आसपासच्या जुळ्या भावांना जून २०२२मध्ये रिओ दि जानेरोत वेगळे करण्यात आले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले, मूळचे काश्मीरचे मेंदूशल्यविशारद नूर उल ओवासे जिलानी आणि रिओचे डॉक्टर हेडसेट घालून, दोन खंडांत बसून, एकाच आभासी खोलीत त्या मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या प्रतिमेभोवती उभे राहिले आणि महिनोन्‌महिने सराव केला. एकूण सात शस्त्रक्रिया, शंभराच्या आसपास कर्मचारी. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते शस्त्रक्रियेचे ठिकाण. मुले लंडनला गेली नाहीत. जाणकाराचे ज्ञान रिओच्या सरकारी संस्थेत आले आणि तिथल्या डॉक्टरांच्या हातात राहिले. पुढच्या केसला ते हात तयार आहेत.

याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर ते विचारायलाच हवे. पुष्कळ अभ्यास शिकणाऱ्यांना ‘आवडले का, आत्मविश्वास वाढला का’ एवढेच विचारून थांबतात. आत्मविश्वास वाढलेला पण हात न सुधारलेला डॉक्टर आधीपेक्षा धोकादायक. म्हणून मी २००२चा येल विद्यापीठातला अभ्यास अजूनही महत्त्वाचा मानतो. सोळा निवासी डॉक्टर, निम्म्यांना आभासी सराव, निम्म्यांना नेहमीचे शिक्षण. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णाचे पित्ताशय दुर्बिणीतून सोडवले, आणि तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नव्हते. सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. ही शस्त्रक्रिया मोठ्यांची, बाळांची नव्हे. तरी दोन गोष्टी आपल्याला शिकण्यासारख्या आहेत. ते यंत्र दिसायला अगदी साधे होते, पडद्यावर हलणारे भौमितिक आकार, ना रक्त ना अवयव. आणि सराव ठरावीक तासांचा नव्हता. अनुभवी सर्जनने गाठलेली पातळी गाठेपर्यंत होता. म्हणजे फरक पडला तो कसोटीमुळे. आपल्याकडे खरेदी होते ती चित्राच्या झळाळीकडे बघून, आणि प्रमाणपत्र मिळते ते हजेरीवर.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जिथे बालशल्यविशारदाची जागा रिकामी आहे, नवजात अतिदक्षता कक्षात एका वॉर्मरवर दोन बाळे आहेत, तिथे हेडसेट कशाला? हा आक्षेप घेणारे बहुतेक जण प्रत्यक्ष काम करणारे असतात आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. खाटा, परिचारिका, भूलतज्ज्ञ यांच्या पैशातून हेडसेट येणार असतील तर मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन. शिवाय कित्येक ठिकाणी यापेक्षा साधी साधने जास्त जीव वाचवतात. जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावला की हृदयाचे कित्येक जीवघेणे दोष घरी जाण्याआधी कळतात. ते यंत्र करोनानंतर घराघरांत पडून आहे, पण किती प्रसूतिगृहांत प्रत्येक बाळाला लावले जाते? केरळने २०१७मध्ये ‘हृद्यम’ योजना सुरू केली. तिचा कणा म्हणजे एक ऑनलाइन नोंदवही: हृदयदोष सापडलेल्या प्रत्येक बाळाची नोंद, निकड ठरवणे, रिकामी जागा असलेल्या रुग्णालयात पाठवणे. वाकड्या पावलांमध्ये व्यंग पुन्हा परतण्याचे सर्वांत मोठे कारण ब्रेस घालणे बंद होणे हे आहे. त्यासाठी हवा असतो तो आईला महिन्यातून एक फोन आणि लहान झालेले बूट बदलून देणारा कोणीतरी. या तिन्ही ठिकाणी मला व्हीआर नको.

पण आक्षेप घेणारे एक विसरतात. रिकामी जागा भरली तरी त्या जागेवर आलेल्याला शिकवणार कोण? पोनसेटींची पद्धत यंत्राअभावी अडली नव्हती, पैशाअभावी तर नव्हतीच. ती अडली शिकवण्यापाशी. आपल्याकडेही पोनसेटी पद्धतीत खरोखर हात बसलेले गुरू मुंबई-पुण्यात एकवटले आहेत आणि गडचिरोली, नंदुरबारच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दोन दिवसांची कार्यशाळा, चहा आणि एक फाइल मिळते. सहा महिन्यांनी पहिले बाळ समोर येते तेव्हा त्यातले किती आठवणार? चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळणारा हेडसेट जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात असेल तर तो अधिकारी बाळ आल्या दिवशी, प्लास्टर भिजवायच्या आधी अर्धा तास, पुन्हा ते पाऊल आतून बघू शकतो. दुर्मीळ कामांसाठी ही उजळणी कार्यशाळेपेक्षा मोलाची आहे, कारण व्यंगे एकेकटी पाहिली तर दुर्मीळच असतात आणि दुर्मीळ गोष्टींवर हात कधी आपोआप बसत नाही.

मुलांवर थेट वापराबद्दल थोडक्यात. ज्या वयात जन्मजात व्यंगांचे मुख्य उपचार होतात त्या वयाचे बाळ हेडसेट घालूच शकत नाही. कंपन्यांच्याही वयाच्या अटी आहेत. हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीने २०२३मध्ये तेरा वर्षांची अट दहावर आणली, तीही पालकांच्या देखरेखीत. मोठ्या मुलांना सुई टोचताना, पट्टी बदलताना लक्ष दुसरीकडे वळवून वेदना कमी करायला या तंत्राचा उपयोग होतो. सिअ‍ॅटलमध्ये भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे आभासी जग फार पूर्वीच तयार झाले आणि मेलबर्नमध्ये चार ते अकरा वर्षांच्या मुलांवर सुईच्या वेदनांबाबत झालेल्या चाचण्यांचे निकाल चांगले आले. दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांना वाढत्या वयात एकामागून एक शस्त्रक्रिया लागतात. त्यांना याचा फायदा मिळाला तर आनंदच आहे. पण तो वैद्यकीय देखरेखीत मिळावा, खेळण्यासारखा हातात देऊन नव्हे.

पालकांच्या बाबतीत मात्र मला मोठी आशा वाटते. आपल्याकडे ओठ दुभंगलेले बाळ जन्मले की पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो: ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? हृदयाला छिद्र म्हटले की आजी गरोदरपणात काय खाल्ले त्याची यादी काढते. आईचे ते ओझे डॉक्टरांच्या दोन वाक्यांनी उतरत नाही. सासू, नवरा आणि ती, तिघांनीही बाळाचे हृदय समोर फिरताना पाहिले, रक्त कुठून कुठे जाते आहे आणि शस्त्रक्रियेत काय करणार हे मराठीत, त्यांच्या बोलीच्या जवळच्या मराठीत ऐकले, तर घरातल्या दोषारोपाला निदान एक ठोस उत्तर मिळते. इथे एक धोकाही आहे. गर्भातल्या बाळाची विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत विकृती दिसली तर जोडप्याला अत्यंत कठीण निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी डोळ्यांसमोर भलामोठा करून दाखवलेला दोषच तेवढा बाळ होऊन बसू शकतो. त्या खोलीत समुपदेशक असलाच पाहिजे, आणि ते व्यंग घेऊन वाढलेली, शाळेत जाणारी, खेळणारी मुले कशी जगतात हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे कळले पाहिजे.

मग करायचे काय? एमबीबीएसच्या २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली आहे. तपासणीच्या वेळी ती कुलूप काढून दाखवली जाते, असे विद्यार्थी सांगतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ठरवले तर जन्मजात व्यंगांची पाच-सहा कामे निवडून, प्रत्येकाची किमान पातळी ठरवून, ती गाठल्याशिवाय अस्थिरोग आणि बालरोगाच्या निवासी डॉक्टरला बाळावर पहिला हात टाकू देऊ नये असा नियम करता येईल. माझी निवड सांगतो: पावलाचे प्लास्टर, खुब्याची तपासणी, हृदयदोषाची जन्मानंतरची चाळणी, डोळ्यातला पांढरा ठिपका ओळखणे, आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदय व मणका नीट बघणे. शेवटच्या दोन-तीन कामांत हेडसेटपेक्षा साधा संगणक पुरत असेल तर साधा संगणक घ्या. बाल स्वास्थ्य पथकांनाही याच कसोटीतून जाऊ द्या.

खरेदीच्या अटी मी आधीच लिहून ठेवीन. सरकारी पैशातून बनलेला प्रत्येक धडा राज्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाला मोफत मिळावा, इंटरनेट नसतानाही चालावा, त्याचा आवाज मराठीत असावा. धड्यासाठी ज्या बाळाचा स्कॅन वापरला त्याच्या पालकांची समजून-उमजून घेतलेली संमती कागदावर असावी. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती बंधनकारकच केली आहे. आणि यशाचे मोजमाप किती डॉक्टरांनी हेडसेट घातला यावर होऊ नये. जिल्ह्यात वाकड्या पावलाच्या बाळाला पहिले प्लास्टर कितव्या आठवड्यात पडले, किती प्लास्टरांत पाऊल वळले, किती मुलांना शेवटी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, हे तीन आकडे दर वर्षी जाहीर करावेत. शेजारच्या दोन जिल्ह्यांत, एकात हे प्रशिक्षण आणि दुसऱ्यात नेहमीचे, असे दोन वर्षे करून पाहिले तर पुढचा पैसा टाकायचा की नाही ते आकडेच सांगतील. नंदुरबार आणि धुळ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. तिथले निकाल वाईट आले तर मी हेडसेटच्या विरोधात लिहीन, आणि तो पैसा परिचारिकांच्या पगाराला द्या असे म्हणेन.